जुनी गाडी मोडीत काढा, पुढच्या गावाला देऊ नका : त्र्यंबकच्या वाहनमालकांनी काय करावे, काय टाळावे

नाशिकपासून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटर. महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी असा हा रस्ता बाराही महिने गाड्यांनी भरलेला असतो आणि त्याच रस्त्याच्या कडेने माणसे पायी चालत असतात. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात, तेव्हा कडाक्याची थंडी असते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते. धूर वर चढत नाही, माणसाच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला पाऊस तरी हवा धुऊन काढतो, पौषात तोही नसतो. टाळ वाजवत चाललेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या छातीत एखाद्या जुन्या पिकअपचा काळा धूर जातो, ही गोष्ट आपण फार वर्षे मुकाट सोसली.

आता सिंहस्थ आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि त्र्यंबकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व १२ सप्टेंबर २०२७ रोजी, असा कार्यक्रम जाहीर झाला आहे. नाशिक शहर २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, म्हणजे हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांच्या यादीत आहे. जुन्या गाड्या बाद करण्यासाठी केंद्राचे स्क्रॅपिंग धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले आणि मोडणी केंद्रांचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. कागद तयार आहेत. पण या धोरणाचे सगळे यश एका गोष्टीवर अवलंबून आहे: बाद झालेली गाडी खरोखर मोडली जाते, की फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते?

काय करावे : निर्णयाआधी

• आरसी बुक काढून नोंदणीची तारीख पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. भाड्याने चालणाऱ्या गाडीला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,००० आणि मोटारीला ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते दुप्पट झाले, म्हणजे २,००० आणि १०,०००. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर खासगी गाडीला आणि ८ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. हा सगळा खर्च एका कागदावर मांडावा.

• गाडी कोणत्या भारत स्टेजची आहे, ते बघावे. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आले आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. बीएस-६ सोबत डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली. हे स्वच्छ डिझेल जुन्या गाडीच्या टाकीतही पडते हे खरे, पण तिच्या सायलेन्सरला धुरातले बारीक कण अडवणारा फिल्टरच नसतो. त्यामुळे पंपावरचे इंधन सुधारले तरी जुन्या जीपचा धूर तेवढा सुधारत नाही.

• धुराचा रंग पाहून आधी मेकॅनिककडे जावे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही: एअर फिल्टर तुंबलेला असेल, नोझल खराब असेल, पंपाची सेटिंग बिघडली असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, बहुधा रिंगा गेल्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. फिल्टर आणि नोझलवर काम भागत असेल तर गाडी मोडायची गरज नाही. इंजिन पूर्ण उघडायची वेळ आली असेल, तर तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघावा आणि मगच हात घालू द्यावा.

• पीयूसीला गाडी स्वतः न्यावी आणि आकडा वाचावा. डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा ५० एचएसयू, त्याआधीच्या गाड्यांना ६५. तुमच्या जुन्या पिकअपचा आकडा ६० येत असेल तर ती पास होते, पण काठावर. पुढच्या खेपेला ती जाणार हे आत्ताच समजून घ्यावे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना पीयूसी वर्षाचे असते, जुन्यांना सहा महिन्यांचे. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा जपून ठेवला तर इंजिन किती वेगाने खचते आहे, ते कोणालाही न विचारता कळते.

काय करावे : गाडी मोडीत काढताना

• आधी नाव आणि बोजा बघावा. आपल्याकडे कितीतरी गाड्या अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहेत. आधी वारसांच्या नावावर करून घ्या, म्हणजे मोडणी केंद्रात अडचण येणार नाही. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा उतरवला नसेल, तर कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला आणि सही केलेला नमुना ३५ घेऊन आरटीओत तो उतरवावा. नाशिकचे कार्यालय पंचवटीत पेठ रोडवर आहे. थकलेली ई-चलाने आणि कर भरून टाकावेत.

• फक्त नोंदणीकृत मोडणी केंद्रातच गाडी द्यावी. अधिकृत केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर आहे, अर्जही तिथेच होतो. एकाच केंद्रावर अवलंबून राहू नये, दोन-तीन ठिकाणचा भाव मागावा. धोरणात मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के धरली आहे. प्रत्यक्षात वजन आणि लोखंडाचा चालू भाव यांवर ठरते. गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाकडे, तेही आधीच लिहून घ्यावे.

• ठेव प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय व्यवहार संपला असे मानू नये. केंद्र गाडी ताब्यात घेते तेव्हा हे प्रमाणपत्र देते, नव्या गाडीवरच्या सवलती त्यावरच मिळतात. ते दुसऱ्याला विकताही येते, त्यामुळे नवी गाडी घ्यायची नसली तरी त्याला किंमत आहे. गाडी प्रत्यक्ष तोडल्यावर मोडणीचे दुसरे प्रमाणपत्र निघते. दोन्ही जपावीत. नियमाप्रमाणे केंद्राने गाडीतले ऑइल, बॅटरी, गॅस आधी काढायचे असतात आणि चॅसिस नंबरचा तुकडा कापून काही काळ सांभाळायचा असतो.

• परमिट असेल तर आधी बदली वाहनाचा अर्ज करावा. काळी-पिवळी किंवा रिक्षा चालवणाऱ्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे प्राधिकरणाच्या परवानगीने त्याच परमिटवर त्याच प्रकारची दुसरी गाडी लावता येते. गाडी आधी मोडली आणि परमिटचा विचार नंतर केला, तर मधले महिने चूल कशावर पेटणार?

• विम्याचा नो क्लेम बोनस सोडू नये. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतले की नव्या गाडीच्या हप्त्यात तो वापरता येतो. फास्टॅग बंद करावा. महिनाभराने वाहन पोर्टलवर आपला नंबर टाकून नोंदणी रद्द झाली का, ते पाहावे.

काय टाळावे

• गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देणे. तो रोख देतो, चार पैसे जास्तही देतो, कागद मागत नाही. नेमके तेच धोक्याचे आहे. नोंदणी तुमच्या नावावरच राहते. तुमच्या गाडीचा नंबर आणि चॅसिस प्लेट चोरीच्या गाडीवर चढली, तर पोलीस तुमच्या दाराशी येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला आहे: आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. गाडी मधे किती हात फिरली याने फरक पडत नाही.

• शहरात चालेनाशी झालेली गाडी आदिवासी पट्ट्यात विकणे. या यादीतली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच. नाशिकमध्ये जिला फिटनेस मिळण्याची शक्यता संपली, ती जीप हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हारच्या रस्त्यांवर शेवटची वर्षे काढते. तिथे तपासणी क्वचित होते, दवाखाना लांब असतो आणि एका गाडीत दुप्पट माणसे बसतात. धूर तोच, ब्रेक त्याहून खराब. फक्त सोसणारी माणसे बदलली. शहराच्या आकड्यांत हवा सुधारलेली दिसेल, पण ती सुधारणा दुसऱ्याच्या पोराच्या छातीवर उभी असेल.

जगाने हा धडा आधी घेतला आहे. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम केला. अनेक कुटुंबांनी त्या दिवसासाठी दुसरी, स्वस्त आणि जुनी गाडी घेतली, आणि अपेक्षित फायदा हाती आला नाही. अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाड्या परत घेण्याची योजना आणली, तेव्हा जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येण्याची पळवाट आधीच बुजवली. गाडी जमा होताच विक्रेत्याने इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून इंजिन कायमचे निकामी करायचे, अशी अट होती. पावणेसात लाखांवर गाड्या त्या योजनेत गेल्या आणि त्यांतले एकही इंजिन पुन्हा रस्त्यावर येऊ नये याची काळजी घेतली गेली. आपल्याकडे ठेव प्रमाणपत्र आणि चॅसिसचा तुकडा यांमागे हाच हेतू आहे. मोडणी केंद्राला फाटा देऊन गाडी विकणारा हा हेतूच हाणून पाडतो.

• दिल्लीचा नियम इथे लागू आहे असे समजून घाबरणे. डिझेलला १० वर्षे आणि पेट्रोलला १५ वर्षे ही मर्यादा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि नंतरही त्यावर वाद चालू राहिला. महाराष्ट्रात खासगी गाडीचा निकाल वयावर नव्हे, तपासणीवर लागतो. ‘तुमची गाडी उद्या जप्त होणार, आजच मला द्या’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

• धड चाललेली गाडी केवळ वय झाले म्हणून मोडणे. नवी गाडी तयार व्हायलाही लोखंड, वीज आणि कोळसा लागतो. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणारी, नीट राखलेली पेट्रोल मोटार आणि रोज त्र्यंबक-नाशिक सहा फेऱ्या मारणारी थकलेली डिझेल जीप यांना एका मापाने मोजू नये. आधी जीप जायला हवी.

• सवलतीच्या जाहिरातीवर विसंबून कर्ज काढणे. केंद्राच्या नियमात मोटार वाहन करावर खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची मुभा आहे. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्ष टक्के राज्य ठरवते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये १५ टक्के सवलतीला मंजुरी दिली. सवलत करावर आहे, गाडीच्या किमतीवर नाही, हे नीट लक्षात घ्यावे. ८ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्क्यांनी कर ८८,००० रुपये होतो. त्याचे १५ टक्के म्हणजे १३,२००. त्यात नव्या नोंदणीचे शुल्क माफ होते, आणि ठेव प्रमाणपत्र दाखवल्यास कंपन्यांनी ५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी असा केंद्राचा सल्ला आहे. पण तो सल्ला आहे, सक्ती नाही. गाडीचे वय, प्रकार आणि मुदत यांच्या अटी असतात, म्हणून आपल्या गाडीला किती सवलत बसते ते आरटीओतून विचारून, शोरूमकडून लेखी घेऊन मगच सही करावी.

• गाडी परसात सडू देणे. चाके काढलेली जीप आंब्याखाली, टपावर कोंबड्या, हे चित्र गावोगाव दिसते. पावसाळ्यात इंजिनातले जुने ऑइल आणि बॅटरीतले शिसे व आम्ल ओहोळात उतरतात. आपला तालुका गोदावरीच्या उगमाचा आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे पाणी इथून थेट राजमहेंद्रीपर्यंत जाते, ते इथेच नासवू नये. गाडी कायमची बंद पडली असेल तर कायद्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

• बंद गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीला बसवणे. मोडणारी गाडी गेली, तिचा धूर मात्र राहिला. परवानगीवाचून केलेला असा बदल कलम ५२ च्या विरोधात आहे.

• डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे. पंप आणि नोझल जातात, धूर वाढतो.

• गाडी न नेता पीयूसी काढणे. असा कागद देणारे भेटतात, घेणारेही भेटतात. पीयूसीचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ती वेगळी. पण आपल्या गाडीमागे दुचाकीवर बसलेल्या मुलाचा विचार केला तर कायद्याची भीती घालायची वेळ येऊ नये.

नगरपरिषद, पंचायत समिती आणि शासन यांनी

• आपल्याच आवारापासून सुरुवात करावी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी, नगरपालिकांच्या आणि एसटीच्या गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही. आवारात उभ्या असलेल्या अशा गाड्या केंद्रात पोहोचवून त्यांची प्रमाणपत्रे फलकावर लावावीत. लोक उपदेशापेक्षा हे लवकर समजतात.

• त्र्यंबक आणि हरसूलला मोडणीची शिबिरे घ्यावीत. आठवडे बाजाराचा दिवस निवडावा. आरटीओचा कर्मचारी, मोडणी केंद्राची गाडी ओढायची क्रेन, बँकेचा माणूस आणि वारसनोंदीचे अर्ज एकाच मांडवात आणले तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतील. देशात मोजक्या ठिकाणी मंजूर झालेल्या यांत्रिक तपासणी केंद्रांत नाशिकचा समावेश होता. त्या अनुभवाचा उपयोग तालुक्याला व्हावा.

• जीपवाल्याला एकटे सोडू नये. जर्मनीने २००९ मध्ये ९ वर्षांहून जुनी मोटार मोडून नवी घेणाऱ्याला रोख २,५०० युरो दिले. आपल्याकडे हातात पडते ती करातली सूट, आणि सूट उपयोगी पडते ती नवी गाडी घ्यायची ऐपत असलेल्याला. रोज डिझेल भरून उरलेल्या पैशांवर घर चालवणाऱ्या काळी-पिवळीच्या चालकाला कमी व्याजाचे कर्ज आणि परमिट लगेच बदलून मिळण्याची हमी हवी. सिंहस्थासाठी रस्ते, घाट, वाहनतळ यांवर खर्च होतो आहे, त्यात या माणसांसाठी तरतूद व्हायलाच हवी. तिच्याशिवाय तपासणीची मोहीम काढली तर ती गरिबावरचीच मोहीम ठरेल.

• सार्वजनिक बस वाढवावी. तिसऱ्या श्रावणी सोमवारी खासगी गाड्या खंबाळ्याला थांबवून पुढे एसटीने नेण्याची पद्धत लोकांनी स्वीकारली आहे. नाशिकची सिटीलिंक बस, जी ८ जुलै २०२१ पासून सुरू आहे, तीही त्र्यंबकला येते. हीच व्यवस्था पौष यात्रेत आणि सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी ठेवली, तर जुनी जीप सोडून देणाऱ्या गावकऱ्यालाही जायला-यायला साधन राहील.

गाडी तुमची असो, भावाची असो की पतसंस्थेची, ती विकायची वेळ आली की घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ही चालवणार की मोडणार? चालवणार म्हणाला आणि गाडी धूर ओकणारी असेल, तर सौदा करू नका. आणि आज घरी गेल्यावर आरसी बुक काढून नोंदणीची तारीख आणि पीयूसीची मुदत तेवढी बघा.